बिनपेटीचा लॅपटॉप

माझा जुना लॅपटॉप एक चित्र तयार करायला तीन-साडेतीन तास घ्यायचा. माझी बहीण ते काम लावून भाजी चिरायची, कपडे वाळत घालून यायची, आंघोळ करायची. तोवर स्क्रीनवर इमारतीचा वरचा एक पट्टा उमटलेला असायचा, बाकी सगळं काळं. कधी तो पट्टाही अर्ध्यावर गोठायचा. मग ती बटण दाबून धरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

ती भोपाळला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षात होती. मी तिथेच पिपलानीत, मोठ्या सरकारी कारखान्याची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे नोकरी करत होतो आणि अजूनही करतो. आम्ही दोघं साकेत नगरमध्ये एका मराठी काका-काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. काकांनी पिपलानीच्या कारखान्यात पूर्ण नोकरी केली आणि निवृत्तीनंतर हे घर बांधलं. घरात पुण्याची मराठी, घरमालकाचा रुबाब नाही, आणि काकूंची आमटी दर रविवारी वर यायची. गावच्या शाळेतून आलेल्या आम्हा दोघांना त्यांनी ज्या मायेने सांभाळलं, ते मी विसरू शकत नाही. पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव पांढुर्णा. बाबा संत्र्यांच्या पेट्या बनवायचे. सालईच्या लाकडाच्या फळ्या, बारीक खिळे आणि पत्र्यात कोरलेली अक्षरं. तो पत्रा पेटीवर ठेवून वरून काळी शाई फिरवली की व्यापाऱ्याचा मार्का उठायचा. शाळेतून आल्यावर शाई फिरवण्याचं काम माझ्याकडे असे. एकदा मी घाईत पंधरा-वीस पेट्या मार्क्याशिवाय रचून ठेवल्या. बाबांनी सगळी थप्पी पुन्हा उतरवायला लावली. म्हणाले, "दिल्लीच्या मंडीत संत्रं सडलेलं निघालं, तर ते पेटी पाह्यतात. मार्का नसन तर तो माल कोणाचाच नाही. बेवारस."

नंतर प्लॅस्टिकचे कॅरेट आले, पुठ्ठ्याची खोकी आली आणि लाकडी पेटीला गिऱ्हाईक राहिलं नाही. बहिणीने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेतला होता. आमच्या गावासाठी संत्री निवडण्याची, भरण्याची आणि थंड ठेवण्याची इमारत. पेटी किती उंच रचली तर खालचं फळ दबतं, दोन थप्प्यांमध्ये माणसाला किती जागा लागते, हे सगळं तिने बाबांना फोनवर विचारून घेतलं होतं. बाबा दर वेळी म्हणायचे, "हे कॉलेजात विचारून राहिले का तुले?" आणि खूश व्हायचे.

कॉलेजात मात्र नुसते नकाशे चालत नव्हते. इमारत आतून-बाहेरून फिरवून दाखवायची, उजेड कुठून येतो ते दाखवायचं, तेही परीक्षकांसमोर मोठ्या पडद्यावर. त्यासाठी चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप हवा होता. मी बऱ्याच शनिवारी एमपी नगरच्या दुकानांत हिंडलो. जो तिला चालला असता त्याची इथली किंमत आणि तशाच लॅपटॉपची अमेरिकेतली किंमत यात माझ्या जवळजवळ दीड महिन्याच्या पगाराचा फरक होता. मला वाटलं, माझी गुणाकारात चूक होते आहे. पुन्हा केला. फरक तेवढाच.

हे असं का, हे मी प्रामाणिकपणे समजून घ्यायचा प्रयत्न केला. आमच्या शाळेतले गणिताचे सर म्हणायचे, उत्तर चुकलं तर चालेल, पण पायऱ्या लिही. मी पायऱ्या लिहिल्या. तिकडे पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो पैसे देताना वर लागतो. इकडे किमतीतच धरलेला असतो. डॉलर वर-खाली होतो, म्हणून इथला आयात करणारा आधीच थोडा पैसा चढवून ठेवतो. तिकडे एकेक दुकान ढिगाने विकतं, इथे महागडी मॉडेल मोजकी येतात. मधले हात जास्त. प्रत्येक पायरी पटत होती, पण सगळ्या मिळून फरक भरून निघत नव्हता.

फोनवर हे बाबांना सांगितलं. त्यांच्या डोक्यात संत्र्याचा हिशेब होता.

"माल जिथं पिकते तिथं स्वस्त. दूर गेला का भाडं चढते. त्यात काय?"

"तसंच आहे बाबा."

"मंग हे कॉम्प्युटर अमेरिकेत पिकते काय?"

"नाही. बनतात जास्त करून चीनमध्ये, तैवानमध्ये."

"चीन आपल्याले जवळ का अमेरिकेले?"

"आपल्याला."

"मंग?"

पायऱ्यांच्या कागदावर मी तो "मंग"ही लिहून ठेवला.

काका-काकूंचा मुलगा अमेरिकेत होता आणि डिसेंबरात येणार होता. आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये एक पद्धतच आहे. कोणाचं पोर तिकडून यायचं ठरलं की महिनाभर आधी त्या घरच्या फ्रिजवर यादी लागते. बदाम, गुडघ्याच्या गोळ्या, ब्लडप्रेशरचं यंत्र, कोणाच्या नातवाचे बूट. काकूंनी स्वतःहून यादीत लॅपटॉप लिहिला.

"अरे, लाजतोस काय? तो काय डोक्यावर घेऊन येणार आहे का? बॅगेत येणार."

"काकू, पण त्याचा स्वतःचा ऑफिसचा लॅपटॉप असेल. एकाच लॅपटॉपवर सूट आहे. दुसऱ्याला कस्टम..."

"त्याला काय होतंय! खोकं तिकडेच टाकायचं, वरचे स्टिकर काढायचे, बिल फाडायचं, दोन दिवस वापरायचा. म्हणजे तो त्याचाच. आमच्या मंडळात सगळे तसंच आणतात."

काका पेपरातून मान वर करून म्हणाले, "एवढी वर्षं सरकारी कारखान्यात साधी पेन्सिल घरी आणली नाही. आता हिच्यापायी विमानतळावर धरणार मला."

"तुम्हाला कशाला धरतील? तुम्ही तर घ्यायला पण जात नाही त्याला."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. काकूंनी सांगितलं ते खरं, पण मुलाला फोन करून खोकं टाकायला मीच सांगितलं. कर चुकवतो आहोत, असा शब्द माझ्या मनात आला होता. मी तो बाजूला ठेवला. सगळेच करतात, आणि एवढं महाग करून ठेवणाऱ्यांनीही थोडं सोसावं, असं काहीतरी मनाशी म्हटलं.

पैसे बाबांनी दिले. त्यांच्या पेट्यांच्या दुकानात एक विजेवरची करवत उरली होती, ती त्यांनी विकली. मी नको म्हणालो तर म्हणाले, "ते तशीही धूळ खाऊन राहिली." आणि वर, "खोकं मात्र नीट आणाले सांगजो. इकडं आणशीन तवा दाखव मले, कसं भरते ते लोक."

मी हो म्हणालो आणि विसरलो. खरं तर विसरलो नव्हतो. मला ते पोरकट वाटलं.

लॅपटॉप आला. कस्टमवाल्याने काही विचारलंसुद्धा नाही. बहिणीने पहिलं चित्र लावलं आणि सवयीने भाजी चिरायला बसली. दोन कांदे होईपर्यंत चित्र तयार. ती सुरी हातात घेऊनच खाली काकूंना बोलवायला धावली. पडद्यावर आमच्या गावची इमारत होती. उंच खिडक्यांतून तिरपं ऊन येत होतं आणि तिने मुद्दाम घातलेल्या लाकडी पेट्यांच्या थप्प्यांवर पडत होतं. काकू म्हणाल्या, "अगं, हे तर खरंच वाटतंय. इथे वास पण येतोय का बघ संत्र्यांचा."

जानेवारीत बाबा आले. लॅपटॉप पाहिला, हात पुसून त्याच्यावरून बोटं फिरवली, इमारत पाहिली. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "खोकं कुठी हाय?"

"टाकून दिलं बाबा तिकडेच."

"काहून?"

मी कस्टमचं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बिनपेटीचा माल," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायले.

मार्चच्या शेवटी एका दुपारी बहिणीचा फोन आला. "दादा, स्क्रीनवर हिरव्या रेघा येताहेत." मी म्हटलं, बंद करून चालू कर. "केला. आता काहीच येत नाहीये." परीक्षा मेमध्ये होती. इमारत अर्धी उभी झाली होती. फाइल्स तिने रोज पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या, हे तिचं शहाणपण. पण त्या फाइल्स आता माझ्या जुन्या लॅपटॉपवर उघडतच नव्हत्या. त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या माणसाने मागचा नंबर टाकला, पुन्हा टाकला.

"सर, ये तो बाहर का पीस है. हमारे यहाँ वारंटी नहीं लगेगी."

"कंपनी तो वही है ना?"

"कंपनी वही है, देश दूसरा है."

"पैसे देकर?"

त्याने खरंच प्रयत्न केला. आत जाऊन आला. ग्राफिक्सची चिप गेली होती आणि ती मदरबोर्डवरच बसवलेली असते, म्हणजे बोर्डच बदलायचा. हे मॉडेल भारतात विकलंच गेलं नव्हतं, म्हणून बोर्ड इथे नाही. "ऑफिस को मेल डालकर देखिए. बिल, डिब्बा कुछ है?"

मी नाही म्हणालो. त्याने हसू आवरलं. त्याच्यासमोर रोज माझ्यासारखा कोणीतरी उभा राहत असावा.

काकूंच्या मुलाने तिकडच्या दुकानातून चार दिवसांत बिलाची प्रत मिळवली. मी शब्दकोश जवळ घेऊन कंपनीला पत्र लिहिलं. माझी बहीण, तिची परीक्षा, कुठल्या तारखेला आहे, सगळं. दोन दिवसांत उत्तर आलं. माझ्या नावाचं स्पेलिंग अचूक होतं. गैरसोयीबद्दल त्यांना खेद होता. ज्या देशात खरेदी झाली त्या देशातच सेवा मिळेल. म्हणजे बिल असतं, खोकं असतं, तरीही उत्तर हेच आलं असतं. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

मग जुन्या शहरातल्या एका कारागिराकडे गेलो. तो चिप गरम करून पुन्हा बसवून द्यायचा. देताना म्हणाला, "भाईजान, दुआ भी करना." चार दिवस लॅपटॉप चालला. त्या चार दिवसांत बहीण जेमतेम जेवली. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा हिरव्या रेघा.

त्या दिवसांत माझ्या पायऱ्यांमध्ये एक पायरी वाढली. इथल्या जास्त किमतीत तो काउंटरवरचा माणूस होता. त्याचा पगार, त्याच्या मागच्या खोलीत ठेवलेले सुटे भाग, आपण तक्रार घेऊन आलो की नंबर उघडून बघण्याची त्याची बांधिलकी. आम्ही तेवढं वगळून माल आणला होता. हे मला पटलं. पण लगेच दुसरं मनात आलं, की अमेरिकेतल्या माणसाला स्वस्तही मिळतं आणि काउंटरवरचा माणूसही मिळतो. त्याचा पगार आमच्या कितीतरी पट. मग ज्याला कमी मिळतं त्यानेच दोन्हीकडून का भरायचं? इथे सरांची पद्धत संपत होती.

एप्रिलमध्ये काकू अमेरिकेला निघणार होत्या. सुनेचं बाळंतपण होतं. त्यांनी स्वतःच सुचवलं, लॅपटॉप मी नेते. तिकडे दुरुस्त होईल, येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवून देऊ. वेळेत जमेल असं कोणालाच वाटत नव्हतं, तरी आम्ही सगळे त्याबद्दल बोलत होतो. मी बाबांना कळवलं. त्यांनी फोनवर लॅपटॉपची लांबी, रुंदी आणि जाडी विचारली. दोनदा विचारली. कशाला, हे मी विचारलं नाही. रोज कोणीतरी काहीतरी विचारत होतं.

काकू निघायच्या तीन दिवस आधी बाबा सकाळच्या गाडीने हबीबगंजला उतरले. स्टेशनचं नाव बदललं तरी ते हबीबगंजच म्हणतात. हातात पोत्यात गुंडाळलेली पेटी. सालईची, हातकरवतीने कापलेली, कोपरे घासून गुळगुळीत केलेले, आत जुन्या रजईचा कापूस शिवून बसवलेला. झाकणावर मार्का. त्यासाठी त्यांनी नवा पत्रा कोरला होता. बहिणीच्या नावाचं पहिलं अक्षर आणि खाली गावाचं नाव.

"आता कुठीबी गेला तरी कोणाचा हाय ते समजन," ते म्हणाले.

लॅपटॉप आत ठेवला. दोन्ही बाजूंना बोटभरही जागा उरली नाही.

काकू पेटी बघून गडबडल्या. "अहो, किती सुंदर केलंय! पण मला तेवीस किलोत लाडू, मेतकूट, बाळंतविडा... हे कसं बसवू मी?"

"पेटी राहू द्या. लॅपटॉप न्या फक्त," बाबा लगेच म्हणाले.

तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर काकूंचा मुलगा आला. सगळं ऐकून म्हणाला, "आई, बंद पडलेला लॅपटॉप नको आणूस. सिक्युरिटीत चालू करून दाखवा म्हणतात कधीकधी. नाही झाला तर विमानात नेऊ देत नाहीत."

"मी साडीत गुंडाळून आणते ना. कोणाला कळतंय?"

"झालं!" काका म्हणाले. "येताना चोरी, आता जाताना पण."

"आई, प्लीज. तू एकटी आहेस. तिथे अडवलं तर काय करशील? आणि बॅटरीमुळे कुरिअरवाले पण घेत नाहीत. मी विचारलं." मग तो मला म्हणाला, "सॉरी रे. मी आणायलाच नको होता."

"नाही नाही, तू कशाला सॉरी," मी म्हणालो. खरंच त्याने कशाला म्हणावं?

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "येताना कोणी इचारलं नाही ना?"

"नाही."

"मंग जाताना काहून इचारते?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बाबांना जेवायला बसवलं आणि दोनदा भात वाढला. बाबा संध्याकाळच्या गाडीने परत गेले. पेटी ठेवून गेले.

मेमध्ये बहिणीने हाताने काढलेल्या चादरीएवढ्या शीट नेल्या. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर जमेल तेवढं केलं होतं, पण तिथे नंबर लागायचा आणि पाचला कुलूप लागायचं. मी बाहेर पायरीवर पाण्याची बाटली घेऊन बसलो होतो. आतून कोणाच्या तरी प्रकल्पाचं संगीत ऐकू येत होतं. इमारतीत फिरवून आणताना मागे लावतात ते. तिचा नंबर आला तेव्हा संगीत नव्हतं.

ती बाहेर आली. शीटची गुंडाळी माझ्याकडे दिली.

"नकाशे आवडले त्यांना. पेट्यांची मापं कुठून मिळाली विचारलं. मी सांगितलं, बाबांकडून." पाणी प्यायली. "पण अपुरं म्हणाले. पुढच्या सत्रात पुन्हा. सहा महिने, दादा."

"लॅपटॉपचं सांगितलंस?"

"सांगितलं. एक सर म्हणाले, बाहर से क्यों मँगवाया?"

आम्ही स्कूटरवर घरी निघालो. गुंडाळी तिने उभी धरली होती आणि वाऱ्याने ती माझ्या हेल्मेटवर आपटत होती. घरी पोचतो तोच बाबांचा फोन. तिने घेतला. "झालं बाबा. थोडं राहिलंय. हो, मापं बरोबर होती. एकदम बरोबर." मग मला खूण करून तिने फोन माझ्या हातात दिला आणि चेहरा धुवायला गेली.

बंद लॅपटॉप अजून त्या पेटीत आहे. एवढीशी खोली, ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून तिने पेटी खिडकीशी ठेवून तिचंच टेबल केलं. मार्क्यावर माझा जुना लॅपटॉप उघडून ठेवला. एकेक भाग सुटा करून, लहान करून, त्याला झेपेल एवढंच ती आता त्याच्याकडून करून घेते. त्या संध्याकाळी तिने पहिला भाग लावला, भेंडी घेऊन बसली, आणि मी समोर बसून बघत राहिलो. पाव किलो भेंडी संपली तेव्हा छपराचा वरचा पट्टा उमटला होता.